करंगळी आणि अनामिका

सकाळी सहाला वडाळ्याच्या मैदानावर
मी बोटं बांधते.
पगारपत्रकात हुद्दा लांबलचक आहे, पण काम एवढंच:
पट्टी दातांनी फाडायची,
करंगळी अनामिकेला जुंपायची,
एक दुखरं, एक धडधाकट.

फुटबॉलच, पण हातांचा.
चेंडू लिंबासारखा दोन्हीकडून निमुळता.
घरी समजावून थकले.
आई विचारते, मग त्याला फुटबॉल का म्हणतात?
मलाही माहीत नाही, आई.

वाइड रिसीव्हर पाच. ठेवायचे चार.
वारियर सरांच्या कागदावर प्रत्येकापुढे आकडे:
किती फेकले, किती झेलले, किती सुटले,
झेलल्यावर किती यार्ड पळाला.
"शिरोडकर, तुम्हीही बघा जरा.
तीन ठरलेत. प्रश्न तांडेल की धांगडा."

ठरलेल्यांचं काय सांगायचं.
वसईच्या रॉयस्टनकडे चेंडू
घरचं कुत्रं यावं तसा येतो.
पारकर उडाला की बाकीच्यांना
फक्त त्याच्या बुटांचे खिळे दिसतात.
आणि खारकर, बुटका,
मधल्या दाटीत शिरतो, मार खातो,
उठून चड्डी झटकतो,
पुन्हा तिथेच.

भूपेन तांडेल, वर्सोव्याचा.
एकेचाळीस फेकले, एकोणतीस झेलले.
तळहातावर जाळ्याच्या दोरीचे जुने काप,
त्यांवर पट्टी नीट बसत नाही.
माझ्यासमोर हात धरण्याआधी
साबणाने दोनदा धुऊन येतो.
मग मैदानात एका हाताने झेलतो,
गरज नसताना,
कुंपणावर बसलेल्या गोदीतल्या पोरांसाठी.
गणपतीपासून त्याची करंगळी वाकडी आहे.
"मॅडम, कागदावर नको."
मी कागदावर घातलं नाही.

निवृत्ती धांगडा, आरेतल्या पाड्यावरचा.
सतरा फेकले, चौदा झेलले.
बोटं सरळ, नखं कापलेली.
त्याला बांधायला दोन मिनिटंही लागत नाहीत,
म्हणून मी त्याला कायम शेवटी घ्यायचे.

एकदा मोजलं, कुणी सांगितलं नसताना.
एका सकाळी बासष्ट वेळा धावला तो
आणि चेंडू आला दोनदा.
उरलेल्या साठ वेळा
तोच जीव, तेच वळण,
शेवटी मान फिरवून दोन्ही हात उघडे,
आता येणारच, असे.
आणि पलीकडच्या कडेला भूपेन मोकळा,
कारण त्याला अडवायचा माणूस
इकडे धांगडाच्या रिकाम्या हातांमागे
ऊर फुटेस्तोवर पळत होता.

हे मी सरांना सांगितलं.
सर वाईट माणूस नाहीत. चष्मा काढून विचार केला त्यांनी.
"न आलेल्या चेंडूला कुठल्या रकान्यात लिहू?"
मला उत्तर सुचलं नाही.
करंगळीचं त्यांनी विचारलं नाही.
मी बाटलीतलं पाणी प्यायले, सगळं.

शुक्रवारी यादी लागली.
तांडेल, चौथा.

शनिवारी सहाच्या आधीच धांगडा आला, सामान परत करायला.
सही केली. हातमोजे बाकावर ठेवले,
तळवे जवळजवळ कोरे.
बूट ठेवले शेजारी:
खिळे एवढे झिजलेले
की बूट फळीवर सपाट बसले.

जाता जाता म्हणाला,
"भूपेनची करंगळी जरा घट्ट बांधत जा.
डावीकडून आला की तो तिच्यावरच घेतो."

"तुला कधीपासून माहीत?"

त्याने खांदे उडवले. बसचं सुटं आहे का विचारलं.
वीस रुपये दिले मी. तो गेला.

मग भूपेन आला, ओल्या हातांचा, साबणाच्या वासाचा,
आणि त्याने हात पुढे केला.
मी पट्टीचं टोक शोधत बसले.
रोज सापडतं. आज
नखाला लागतच नव्हतं.